खालचे सूर

"हा केशोराव तुमचा कोन लागत होता जी?" रुख्मानं दुसऱ्यांदा विचारलं.

चुन्नीलालनं मान वर केली नाही. ओसरीतल्या खाटेवर तो पाय वर घेऊन बसला होता. मोबाइल उजव्या कानाला घट्ट लावलेला. बघणाऱ्याला वाटावं, पलीकडून कोणी महत्त्वाचं बोलतंय. पण मोबाइलमध्ये केशोरावांच्या श्रद्धांजलीचा व्हिडिओ चालू होता. हार घातलेला फोटो, कोपऱ्यात हलणारी ज्योत, वरून पडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या, आणि मागे हळूहळू वाजणारा पियानो. व्हिडिओ संपला की चुन्नीलाल अंगठ्यानं तो पुन्हा सुरू करी आणि पुन्हा कानाला लावी.

रुख्मा समोर आली आणि तिनं त्याच्या गुडघ्याला हात लावला. तो दचकला.

"हा मानूस तुमचा कोन, म्हनून राहिली मी."

"कोनी नाही. सोसायटीत होता. एक-दोन खेपा पाह्यला असंन."

"मंग सकारपासून त्यालेच काऊन पाहून राहिले?"

"पाहून नाही राहिलो. आयकून राहिलो."

"बोलते कुठं तो? मेला ना!"

चुन्नीलालनं व्हिडिओ पुन्हा सुरू केला. रुख्मा निवडायचे तांदूळ घेऊन आत गेली.

चुन्नीलाल बहेकार आमगावच्या एका राइस मिलमध्ये ऑपरेटर होता. रुख्माशी लग्न झालं तेव्हाही तो तिथेच होता आणि आता मुलगी प्राची गोंदियाला शाळेत शिक्षिका झाली तरी तिथेच. धान हॉपरमध्ये पडल्यापासून तांदूळ पोत्यात जाईपर्यंतच्या सगळ्या मशिनी त्याच्या ताब्यात असत. दिवसभर डोक्यावर पट्टे फिरत, पायाखालची फरशी थरथरत असे आणि कोंड्याची धूळ भुवयांवर बसे. मिलमध्ये सगळे ओरडूनच बोलत. त्यामुळे ऐकू कमी येतंय हे तिथे कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. त्याच्या स्वतःच्याही ते फार उशिरा लक्षात आलं. आधी त्याला वाटलं, अलीकडे लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. मग वाटलं, गावातल्या भजनमंडळानं नवा माइक आणला तो खराब आहे. तो तिथे मृदंग वाजवायचा. भजनाचे शब्द एकमेकांत मिसळून आंबिलीसारखे होऊ लागले आणि झांजांचा नुसता कचकच आवाज कानात टोचू लागला, तेव्हा त्यानं गुडघे दुखतात असं सांगून जाणं बंद केलं.

बहिरेपण हा शब्द त्यानं मनातही उच्चारला नव्हता. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की "हव" म्हणून होकार द्यायचा, एवढं त्यानं शिकून घेतलं होतं. बहुतेक ठिकाणी तेवढ्यानं भागत असे.

अशात केशोराव गेले आणि गावच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला. जेवणाच्या सुट्टीत मिल बंद होती. चुन्नीलालनं सहज तो उघडला आणि हातातला घास हातातच राहिला. एक सूर वाजला. तो हळूहळू विरत गेला, पार संपला, आणि मग दुसरा वाजला. प्रत्येक सूर वेगळा, स्वच्छ, त्याच्यापर्यंत पोचणारा. कितीतरी वर्षांत असा धडधाकट आवाज त्याच्या कानात आला नव्हता. व्हिडिओ एवढासाच होता. पियानो खाली खाली उतरत जाई, आता कुठेतरी पोचणार असं वाटे, आणि तेवढ्यात केशोरावांचा फोटो काळा होऊन सगळं संपे.

आठवडी बाजाराच्या दिवशी तो धर्मेंद्रच्या स्टुडिओत गेला. धर्मेंद्र लग्नाची शूटिंग करी, पासपोर्ट फोटो काढी आणि तालुक्यातल्या निम्म्या मयतांचे श्रद्धांजली व्हिडिओ बनवी.

चुन्नीलालला दारात पाहताच त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि आवाज एकदम खाली आणला. "या काका. कब हुआ?"

आवाज खाली आणल्यामुळे चुन्नीलालला काहीच कळलं नाही. "हव," तो म्हणाला.

"फोटो आणला का? चष्म्याविना असन तं बरा. चमक मारत नाही."

"कोनाचा फोटो?"

"कोण वारलं घरचं?"

ओठांवरून आता त्याला समजलं. "कोनी नाही गा! मले ते वाजनं पाहिजे. केशोरावच्या व्हिडिओतलं."

धर्मेंद्र बघतच राहिला. "पियानो? वो तो ॲपमध्ये फुकट भेटते काका. छोटासा तुकडा आहे. मी तोच फिरवून फिरवून लावतो, सबके लिए."

"त्याच्या पुढचं कुठं भेटते?"

हा प्रश्न धर्मेंद्रला आजवर कोणी विचारला नव्हता. मेलेल्या माणसाच्या घरचे फोटो मोठा करा म्हणत, नाव नीट लिहा म्हणत, पाकळ्या वाढवा म्हणत. मागच्या वाजण्याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं. त्यानं कॉम्प्युटर समोर ओढला आणि लग्नाच्या व्हिडिओंसाठी ठेवलेले मोठे स्पीकर जोडले.

पहिलं सापडलं ते जुन्या हिंदी गाण्याची चाल होती. चुन्नीलालनं लगेच हात हलवला. "हे नाही. याचे शब्द येतात डोक्यात."

दुसऱ्यात पियानोच्या मागे पाऊस पडत होता. "हे तं मिलीवानी वाजून राहिलं," तो म्हणाला. "पानी बंद कर."

"पाणी बंद नाही होत काका, रेकॉर्डिंगमध्ये आहे."

तिसऱ्यात व्हायोलिनं होती. ती चुन्नीलालला ऐकूच आली नाहीत. फक्त पियानो कशाच्या तरी धुक्यात बुडाल्यासारखा वाटला. "एकटा मानूस वाजवते ते लाव. दुसरं कोनी नको."

धर्मेंद्रनं खूप शोधलं. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन फोटो काढून गेली. शेवटी एक सापडलं. नाव लांबलचक, परदेशी, दोघांनाही वाचता न येणारं. चित्र होतं बर्फात उभ्या असलेल्या एका काळ्या झाडाचं.

स्पीकरमधून पहिला सूर आला आणि चुन्नीलाल खुर्चीतून उठून उभा राहिला. जवळ जाऊन त्यानं स्पीकरच्या लाकडावर हात ठेवला. विहिरीच्या पायऱ्या भिंतीला धरून उतराव्यात तसा तो वाजवणारा खाली जात होता. मध्ये थांबे. एखादी पायरी वर येई. पुन्हा उतरे. घाई नव्हती. इथे काळा पडून संपून जाणारा फोटोही नव्हता.

"बहोत डार्क है काका," धर्मेंद्र म्हणाला. मग चुन्नीलालच्या समोर येऊन मोठ्यानं म्हणाला, "डिप्रेशनवालं आहे! खाली दुनियाभरच्या लोकांनी लिहून ठेवलंय. सब रो रहे हैं."

"रडू दे," चुन्नीलाल म्हणाला. "तू हे माह्या मोबाइलात टाकून दे."

त्या महिन्यात त्यानं स्वतःही शोधायला सुरुवात केली. नावं वाचता येत नसत, म्हणून तो चित्रांवरून ओळखी. काळ्या झाडाचं. निळ्या खिडकीचं. रिकाम्या बाकड्याचं. एका चित्रात नुसता विझलेला कंदील होता, ते सगळ्यात खोल होतं. जे उड्या मारत वर जाई ते तो सोडून देई, कारण वर गेलेला पियानो त्याच्या कानातून नाहीसा होई आणि नुसती टकटक उरे. हळू चालणारं, खाली राहणारं, एकट्याचं, असं तो निवडी. अशा निवडीतून त्याच्याकडे जे जमलं ते सगळं उदासच होतं. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. संध्याकाळी अंगावरचा कोंडा धुऊन खाटेवर बसलं की त्याला एवढंच वाटे, कोणीतरी आपल्याशी सावकाश, स्पष्ट बोलतंय आणि आपल्याला सगळं समजतंय.

रुख्माला मात्र ते सहन होईना. तिच्या लेखी ते मयताचं वाजणं होतं. त्यात एके दिवशी शेजारची मंदाबाई पदर सावरत, तोंड पाडून आत आली आणि तिच्याजवळ बसत हळूच म्हणाली, "कोन गेलं वं? आमाले सांगतलं बी नाही."

"कोनी नाही गेलं," रुख्मा ओसरीतल्या नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "ते... यायचं गानं आहे."

"असं गानं?"

मंदाबाई गेल्यावर रुख्मा ओसरीत आली. "दिवाबत्तीच्या टाइमले घरात हे मेल्याचं वाजवू नका. आपल्या घरी का मुडदा पडला आहे?"

दिवा तिच्या मागे होता, चेहरा अंधारात होता. चुन्नीलालला ओठ दिसले नाहीत. "हव," तो म्हणाला.

ती वळली. तिची पाठ फिरते न फिरते तोच मागे पियानो पुन्हा सुरू झाला. रुख्मा तशीच परत आली, त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि आत नेऊन डब्यात ठेवला. चुन्नीलाल भांडला नाही. सकाळी मोबाइल परत मिळाला, आणि त्या दिवसापासून तो मिलमधून परतताना कालव्याच्या पुलावर सायकल टेकवून तिथेच ऐकू लागला.

तसंही गेल्या वर्षभरात रुख्मा त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. का, हे त्यानं विचारलं नव्हतं. ती कमी बोलते ते त्याला सोयीचंच झालं होतं.

एका दुपारी मिलमधल्या, धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं बेअरिंग गेलं. जाण्याआधी ते बराच वेळ किंचाळत होतं. रस्त्यावरून जाणारे लोक थबकून आत बघू लागले. हमाल ओरडत होते. चुन्नीलाल पॉलिशरजवळ उभा होता आणि त्याला वाटत होतं, आज मशीन छान चाललीय. खालची घरघर रोजच्यासारखी होती. त्याला तेवढीच ऐकू येत होती. धूर दिसला तेव्हा त्यानं धावत जाऊन बटण बंद केलं. पट्टा जळाला होता. कोणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

मालक ईश्वरदास वयानं मोठे होते. ते चुन्नीलालला तो पोरगा असल्यापासून ओळखत होते. ते गादीवरून उठून आत आले, जळका पट्टा बघितला, आणि मग चुन्नीलालकडे बघितलं.

"चुन्नी, सुनाई नहीं दिया?"

चुन्नीलाल त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"पूरा मोहल्ला सुन रहा था," ईश्वरदास म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "कबसे है ये?"

हमाल गोळा झाले होते. सगळ्यांच्या देखत "हव" म्हणून भागणार नव्हतं. "मालूम नहीं शेठ," चुन्नीलाल म्हणाला.

"जा, कान दिखाके आ. तोवर मशीनपाशी जाऊ नको."

प्राचीनं गोंदियाला एका कानाच्या दवाखान्यात नंबर लावून दिला. तिला शाळा होती, म्हणून रुख्मा सोबत निघाली. तिथल्या रुचिका मॅडम तरुण होत्या. त्यांनी चुन्नीलालला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं.

सुरुवातीला तो पटापट दाबत होता. मग दाबणं विरळ झालं. मग तो नुसताच बसून राहिला. काचेतून रुख्माला तो दिसत होता. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा ताठ, अंगठा बटणावर तयार ठेवलेला. मॅडम एकेक बटण पुढे सरकवत होत्या आणि तो काहीच करत नव्हता. मध्ये एकदा त्यानं हेडफोनला हात लावून तो नीट बसलाय का ते बघितलं. त्याला वाटलं असावं, मशीन बंद पडली.

बाहेर आल्यावर मॅडमनी कागदावरची रेघ दाखवली. ती जरा वेळ सरळ चालून शेताच्या उंच धुऱ्यावरून खालच्या बांधीत उतरावी तशी एकदम खाली गेली होती.

"आवाज येतो काकी, शब्द नाही येत," त्या रुख्माला म्हणाल्या. "मिलच्या आवाजानं होतं हे. जो बारीक आवाज है ना, तो आधी जातो. बायकांचा, लहान मुलांचा. समोर बसून बोललं तर ओठांवरून कळतं त्यांना. पाठ करून बोललात तर काहीच नाही."

रुख्मा त्या रेघेकडे बघत राहिली. "कवापासून असंन हे?"

"एकदम नाही होत. पाच-सात साल तरी झाले असतील."

चुन्नीलाल खुर्चीत पुढे सरकला. "मॅडम, मंग मले पियानो कसा आयकू येते?"

"काय?"

त्यानं मोबाइल काढून काळ्या झाडाचं लावलं. मॅडम ऐकू लागल्या. त्यांच्या ओठांवरचं हसू हळूहळू मावळलं. "हे सगळं खालचं आहे ना काका, मोटा आवाज. आणि एका वेळी थोडंच. तुमच्याकडे जे उरलंय, बरोबर तेवढंच आहे हे."

"किती दिवस राहीन?"

"मशिनीपाशी बसलात तर हेही जाईल," त्या म्हणाल्या. "नाही बसलात तर राहील. सांभाळा."

कानात घालायच्या मशीनचं माप देऊन दोघं बाहेर आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकडं होतं. चुन्नीलाल बसला. रुख्मा बसली नाही. ती त्याच्या समोर उभी राहिली, त्याला तिचं तोंड नीट दिसेल अशी.

"मागच्या वर्षी, धानाच्या कापनीत," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "सयपाक करता करता मी तुमाले एक गोष्ट सांगतली होती. आठवते?"

"कोनती?"

"माय लय बिमार आहे. मले अर्जुनीले घेऊन चला."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"तुमी हव म्हनले. अना डबा घेऊन मिलीत चालले गेले. दुसऱ्या दिवशी मंग सांगतलं. तवा बी हव म्हनले. मंग मी एकटी गेली. मी गेली तवा मायची बोली बंद झाली होती. माह्याकडं नुसती पाहत होती."

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत ती थांबली, जणू त्याला ऐकू येणार होतं.

"मले वाटलं..." चुन्नीलाल म्हणाला.

"का वाटलं तुमाले?"

"मले वाटलं, तू दूध आनाले सांगून राहिली. त्या संध्याकारी मी दूध आनलं होतं."

रुख्माला आठवलं. ओट्यावर ठेवलेली दुधाची पिशवी. दोन्ही दिवस. आपण काय बोललो आणि हा माणूस काय घेऊन आला, या रागानं तिनं ती मंदाबाईला देऊन टाकली होती. त्यानंतर वर्षभर ती रोज त्याच्यापुढे ताट ठेवत होती आणि मनात एकच वाक्य घोळवत होती, की याला माझी माय मेल्याचं काही नाही.

"आयकू येत नाही म्हनून सांगतलं काऊन नाही?" ती म्हणाली.

"मिलीत समजलं असतं."

"मी का मिल आहो?"

त्यानं बाकड्यावर शेजारी हात फिरवून धूळ पुसली. जरा वेळानं रुख्मा तिथे बसली. पॅसेंजरला अवकाश होता. आमगावला परतताना डबा बराच रिकामा होता, तरी ती त्याच्या शेजारी बसली नाही. समोरच्या बाकावर, चेहरा त्याच्याकडे करून बसली.

ईश्वरदासनी त्याला काढलं नाही. गेटवर बसवलं. धानाचे ट्रॅक्टर आले की फाटक उघडायचं, गेले की लावायचं. मशीनवर तिरोड्याहून दुसरा माणूस आला. पहिले काही दिवस चुन्नीलाल सवयीनं सरळ आत जाई, मग अर्ध्या वाटेतून परत फिरे. हमाल ते बघत. येता-जाता ते आता हात वर करून राम राम करत, कारण तोंडानं केलेला त्याला कळत नसे.

कानातली मशीन आली. तिच्यातून जग पत्र्यासारखं वाजू लागलं. भांडी, कावळे, नळ, चप्पल, सगळं एकसारखं टोचे. रुख्माचा आवाजही चरचरत येई, पण शब्द कळत. पहिल्या दिवशी जेवताना ती पाठमोरी असताना म्हणाली, "आनखी भात घ्या." तो म्हणाला, "नको, पोट भरलं." ती चमच्यासकट मागे वळली. मग दोघंही खाली बघून जेवत राहिली.

पियानो मात्र मशीनमधून ऐकवेना. ताटावर कोणी चमचा आपटावा तसा वाजे. म्हणून ऐकायच्या वेळी तो मशीन काढून ठेवी. एकदा ती काढताना रुख्मानं बघितलं आणि त्याला वाटलं, आता ती चिडणार. ती ओसरीत आली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "काढा. आयका तुमचं. काम पडलं तं मी समोर येऊन सांगीन."

मंदाबाईलाही तिनंच परस्पर सांगून टाकलं. "यायले तेवढंच आयकू येते वं. वाजू दे."

दिवाळीनंतर प्राचीचा फोन आला. तिच्या शाळेच्या प्रार्थना हॉलमध्ये एक जुना पियानो होता. कुठल्याशा रेल्वेच्या साहेबानं जाताना शाळेला दिलेला. आता कोणी वाजवत नसे. संगीत शिकवणाऱ्या सुशीलाबाई निवृत्त झाल्या होत्या, पण रविवारी चर्चमधून परतताना त्या कधीकधी शाळेत येऊन बसत. प्राचीनं त्यांना बाबांबद्दल सांगितलं होतं. "बाबाले घेऊन ये म्हणाल्या," प्राची आईला म्हणाली. "तू पण ये."

"मले का समजते त्यातलं?" रुख्मा म्हणाली. पण रविवारी तिनं चांगलं लुगडं नेसलं.

हॉलमध्ये उन्हाच्या तिरिपी होत्या आणि बाकं भिंतीला लावलेली होती. पियानो कोपऱ्यात होता, उभ्या कपाटासारखा, काळा, एका बाजूला पॉलिश उडालेला. चुन्नीलालनं तो आजवर मोबाइलच्या चित्रातही धड बघितला नव्हता. त्यानं त्याच्याभोवती जमेल तेवढी फेरी मारली, खाली वाकून पायानं दाबायची पितळी पट्टी बघितली, झाकणाच्या बिजागरीवर बोट फिरवलं. मशीन बघायची त्याची तशीच रीत होती.

सुशीलाबाई ठेंगण्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, बोटं सांध्यांवर सुजलेली. "कोणतं ऐकायचंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

त्यानं मोबाइलवर काळ्या झाडाचं लावून दाखवलं. त्यांनी मान तिरपी करून थोडं ऐकलं आणि हसल्या. "हे होय. तरुणपणी बसवलं होतं. आता बोटं वळत नाहीत, पण हळू वाजवीन."

"हळूच पाहिजे जी," चुन्नीलाल म्हणाला.

त्यानं कानातली मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवली, पियानोच्या कडेला उभा राहिला आणि तळहात लाकडावर टेकवला. सुशीलाबाईंनी झाकण उघडलं. रुख्माकडे वळून त्या म्हणाल्या, "वरच्या सुरांच्या पट्ट्या बिघडल्यात हो. पूर्वी दुरुस्त करायला नागपूरहून माणूस यायचा, आता येत नाही. कानाला लागेल जरा."

हे चुन्नीलालला ऐकू गेलं नाही. रुख्मानं मान हलवली आणि ती प्राचीजवळ बाकावर बसली.

सुशीलाबाई वाजवू लागल्या. पट्ट्या खरंच बिघडल्या होत्या. मधूनच एखादा सूर फुटक्या भांड्यासारखा झणकारे आणि रुख्माचे खांदे आखडत. चुन्नीलालचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर कुठे आठी नव्हती. लाकडाला टेकलेल्या हाताची बोटं अगदी हलकी उघडत होती, मिटत होती. त्याच्यापर्यंत खालचं तेवढंच पोचत होतं आणि त्यात कुठे काही फुटलेलं नव्हतं. तो ऐकत होता ते रुख्माला कधीच ऐकता येणार नव्हतं.

तिनं फुटक्या सुरांकडे लक्ष देणं सोडलं. हे वाजणं तिनं आजवर आतल्या खोलीतून, मध्येच, रागात ऐकलं होतं. आता ते पहिल्यापासून, तोडफोड न होता तिच्यासमोर चाललं होतं. माय गेली तेव्हा सगळ्यांनी तिला काही ना काही सांगितलं होतं. वय झालं होतं, सुटली बिचारी, लेकी-नातवंडं बघून गेली. तेराव्यापर्यंत ती पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती. या वाजण्यात कोणी काही समजावत नव्हतं. ते नुसतं उतरत होतं. आणि अर्जुनीच्या घरातली खाट तिला दिसली, मायचे उघडे डोळे दिसले, काही सांगायचं असताना नुसतीच हललेली बोटं दिसली.

रुख्माच्या तोंडून हुंदका फुटला. तिनं पदर तोंडात धरला, पण आवाज थांबेना. रिकाम्या हॉलमध्ये तो मोठा होऊन घुमला. प्राची घाबरून उठली. सुशीलाबाईंनी मान वळवली आणि त्यांची बोटं पट्ट्यांवर थबकली.

रुख्मानं पदर तोंडातून काढला नाही. दुसरा हात वर केला आणि खूण केली. चालू द्या.

सुशीलाबाईंनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग चुन्नीलालकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, डोळे मिटून, पुढच्या सुराची वाट बघत. त्याला वाटत होतं, वाजण्यातली ही जागा थांबण्याचीच आहे. त्यांनी डावा हात उचलला आणि जिथे तुटलं होतं तिथून, अगदी खालच्या पट्टीवर, पुढे वाजवायला सुरुवात केली.